निगडीत माझी नजर लागली त्याची गोष्ट

दिवाळी अंकासाठी 'सेवेतले हृद्य क्षण' असं काहीतरी लिहा, असा निरोप आला तेव्हा मी आधी नाहीच म्हणणार होते. सेवा या शब्दाचा मला संशय आहे. एखाद्या कामाला लोक सेवा म्हणू लागले की समजावं, ते करणाऱ्या बाईने आता काही मागू नये अशी त्यांची इच्छा आहे. पण मग माझ्या लक्षात आलं की निगडीतल्या एका घराशी माझा एक करार राहिला आहे. तो समोरच्यांनी पाळला नाही. चार लोकांसमोर एक वाक्य बोलायचं होतं, ते बोललं गेलं नाही. तेव्हा ते मीच इथे छापून घ्यावं. संपादकांना अट घातली की निगडीच्या मजकुरातला एक शब्द कापायचा नाही. ते लगेच हो म्हणाले. इतक्या लवकर हो म्हणणाऱ्या माणसाचाही मला संशय येतो, पण असो.

मी सुईण. कागदोपत्री मिडवाइफ, गावात नर्सबाई, आणि माझ्या माघारी काय काय ते मला माहीत आहे. नवऱ्याने टाकल्यावर पुण्याच्या एका इस्पितळात आया म्हणून लागले. बाळंतिणींच्या खोलीतली फरशी पुसता पुसता बाळंतपणं बघितली, आणि ज्या नर्स मला बादली सरकवायला सांगत होत्या त्यांच्याशी भांडून परीक्षेला बसले. पास झाले. मग चिंचवडला दोन खोल्यांच्या प्रसूतिकेंद्रावर नेमणूक झाली. ही पन्नास सालानंतरची गोष्ट. तेव्हा पिंपरीला कारखान्यांच्या भिंती उठायला लागल्या होत्या, आणि निगडी म्हणजे ज्वारीची रानं, बाभळी आणि मूठभर घरं. आता तिथे प्राधिकरणातले बंगले आहेत. कोणाला सांगितलं तर खरं वाटत नाही.

इस्पितळातून निघताना आमच्या मेट्रन म्हणाल्या होत्या, "हात लावा, जीव लावू नका. बाळंतीण दहा दिवसांत उठते. आपण उठत नाही." मी मान डोलावली. मला ते सोपं वाटलं होतं. माझा स्वभाव तापट, जीभ धारदार. असल्या बाईला कोण जीव लावू देणार?

हे काम विश्वासाचं आहे असं म्हणतात. मी सांगते, ते संशयाचं आहे. घरात शिरल्यावर आधी बाळंतिणीकडे बघायचं नाही, चुलीकडे बघायचं. पाणी चढवलेलं नसेल तर घरातल्यांना अजून वैदूवर भरवसा आहे. सासू म्हणाली की 'सकाळपासनं कळा हायेत', तर ती कालची सकाळ धरायची. खाटेखाली विळा दिसला तर तो दृष्टीसाठी ठेवलाय की नाळ कापायला, हे विचारून घ्यायचं. आणि 'दृष्टीसाठी' असं उत्तर मिळालं तरी विळा बाहेर नेऊन ठेवायचा. बाईला काय होतंय हे विचारलं आणि उत्तर दुसऱ्याच कोणी दिलं, तर सगळ्यांना बाहेर काढून पुन्हा विचारायचं.

आणि घासाघीस करायची. मी भांडकुदळ म्हणून प्रसिद्ध झाले ती यावरून. चाकणच्या अलीकडे निघोज्याला एका घरी गेले होते. दावणीला दोन दुभत्या म्हशी, आणि पोटुशी सून हाडांचा सापळा. दूध सगळं बाहेर जायचं. मी पेटी उंबऱ्यावर ठेवली आणि सासऱ्याला म्हटलं, हिला रोज शेरभर दूध, सव्वा महिना, बोला. म्हातारा चिडला. म्हणाला, "बाई, तुमी बाळंतपणाला आलाय का म्हशीच्या सौद्याला?" मी म्हटलं, दोन्हीला. तो अर्ध्या शेरावर आला, मी तीन पाव म्हटलं. आत सून कण्हत होती. पहिलटकरीण, वेळ होता, हे मला माहीत होतं. त्याला माहीत नव्हतं. शेवटी त्याने शेजाऱ्यांसमोर शेराचा शब्द दिला. शब्द नेहमी शेजाऱ्यांसमोर घ्यायचा, हा माझा नियम. हा नियम मी एकदाच मोडला, आणि तेच आता सांगते.

निगडीत भागूबाई नावाची म्हातारी होती, आणि तिची सून चंद्रा. चंद्राचा नवरा ट्रकवर हमाली करायचा, आठ-आठ दिवस घरी नसायचा. चंद्राचं पहिलं मूल पायाळू निघालं. पायाळू म्हणजे डोक्याऐवजी पायांनी जन्माला आलेलं. असं मूल बाहेर काढणं म्हणजे सुईणीची कसोटी असते. जरा घाई केली तर डोकं अडकतं. मी घाई केली नाही. मुलगी झाली, जरा निळी पडली होती, मग रडली. पायाळू माणसाचा पाय पाठीला लागला की भरलेली उसण उतरते असं आमच्याकडे मानतात. वीज त्याच्यावरच पडते असंही मानतात. म्हणजे पोरीला जन्मतःच एक नोकरी आणि एक धोका मिळाला.

नियमाप्रमाणे दहा दिवस जायचं असतं. मी गेले. अकराव्या दिवशीही गेले. मग बेंबी बघायची राहिली म्हणून, मग वजन बघायचं म्हणून, मग आकुर्डीला काम आहे तर जाता जाता म्हणून. आकुर्डीला काम नव्हतं. इंदू नाव ठेवलं होतं पोरीचं. ती माझा आवाज ओळखायला लागली होती. निदान मला तसं वाटायचं. मला स्वतःचं मूल नाही, हे गावाला माहीत होतं आणि मला माहीत होतं की गावाला माहीत आहे.

लहान पोराला कोणी चांगलं म्हणत नाही. काळं आहे, माकडतोंडं आहे, असंच म्हणायचं, म्हणजे वाईटाचं लक्ष जात नाही. मला ही रीत चांगली ठाऊक होती. तरी एका दुपारी अंगणात पाच-सहा बाया निवडत-टिपत बसल्या असताना मी इंदूला मांडीवर घेतलं आणि माझ्या तोंडून गेलं, "किती देखणी आहे गं ही."

बायांचे हात थांबले. भागूबाईने पोर माझ्या मांडीवरून उचललं आणि आत नेलं.

दोन दिवसांनी मी गेले तर दारातूनच मिरच्या जळाल्याचा ठसका लागला. बाया जमलेल्या, भागूबाई मीठ-मोहरी ओवाळून चुलीत टाकत होती. इंदू सकाळपासून उठत नव्हती. चंद्रा पिंपरीला कारखान्याच्या बांधकामावर पाट्या टाकायला गेली होती, तिला आणायला माणूस धाडला होता. मला बघून बाया बाजूला झाल्या. वाट दिली म्हणून नव्हे, अंग चोरलं म्हणून. एकजण पुटपुटली, "आल्या बगा, ज्यांची लागली त्याच."

मी पोरीच्या तळव्याला टिचकी मारली. पाय हलला नाही. श्वास एक झाला की दुसऱ्याची वाट बघावी लागत होती. पापणी उघडून उजेडाकडे धरली. डोळ्याची बाहुली खसखशीच्या दाण्याएवढी झाली होती. मग मला कोणाला काही विचारायची गरज उरली नाही.

त्या वेळी बाजारात बाळगोळ्या मिळत. पोर शांत झोपतं म्हणून बाया देत, कारण पोर झोपल्याशिवाय खुरपायला, पाट्या टाकायला जाता येत नसे. गोळीत अफू असे. देणाऱ्या बाईला वाईट करायचं नसतं, तिला फक्त दुपार हवी असते. मी भागूबाईला विचारलं काय दिलंत. ती म्हणाली, गुटी दिली, जायफळ, सुंठ, बाकी काय न्हाई. बोलताना ती माझ्याकडे बघत नव्हती.

एकाला सायकलवर चिंचवडच्या डॉक्टरांकडे पिटाळलं आणि भागूबाईला दंडाला धरून परसात नेलं. गोवऱ्यांच्या ढिगाआड उभं राहून आमचा सौदा झाला. मी म्हटलं, गोळी किती दिलीत ते सांगा, नाहीतर डॉक्टर येऊन काही करू शकणार नाही. ती रडायला लागली. म्हणाली, चंद्राला कळलं तर ती मला घरात ठेवायची न्हाई, पोरगा तिच्याच बाजूचा हाय, मी कुठं जाऊ?

"मग गावाला काय सांगू?" मी विचारलं.

तिने पदराने डोळे पुसले. "नजर लागली म्हणा."

"कोणाची?"

ती गोवऱ्यांकडे बघत हळूच म्हणाली, "लोक म्हनत्यातच की."

मला इतका राग आला की हात उचलला असता. पण आत पोर होती, आणि माझ्याकडे घासाघीस करायला वेळ नव्हता. निघोज्याला वेळ माझ्या बाजूचा होता. इथे तो तिच्या बाजूचा होता. मी म्हटलं, ठीक आहे, आज मी नजर घेते. पण पोरीचं उष्टावण झालं, पहिला भात तिच्या तोंडात गेला, की तुम्ही चंद्राला आणि या बायांना खरं सांगायचं. ती हो म्हणाली. तुळशीकडे हात करून म्हणाली. तिथे शेजारी नव्हते, फक्त गोवऱ्या होत्या.

मग तिने सांगितलं. नेहमीच्या गोळ्या संपल्या म्हणून आळंदीच्या बाजारातून नव्या आणल्या होत्या. त्या जुन्यांपेक्षा मोठ्या होत्या. तिने नेहमीसारखीच अर्धी दिली होती.

मी बाहेर येऊन मोठ्याने म्हटलं, माझी नजर लागली आहे, ती मीच उतरवणार, आणि माझ्या पद्धतीने. पोर माझ्याच मांडीवर राहील, कोणी जवळ यायचं नाही, आणि डॉक्टर येईपर्यंत तिला झोपू द्यायचं नाही. गंमत बघा, मिडवाइफ म्हणून मी हेच सांगितलं असतं तर कोणी ऐकलं नसतं. जिची नजर लागली ती बाई म्हटल्यावर सगळ्या मुकाट मागे सरल्या. मी ओलं फडकं पोरीच्या तोंडावर फिरवत होते, तळव्यांना टिचक्या मारत होते, श्वास लांबला की पाठ चोळत होते, आणि सारखी काहीतरी पुटपुटत होते. बायांना वाटलं मंत्र. मी भागूबाईला शिव्या देत होते.

चंद्रा धावत आली. अंगभर सिमेंट होतं. तिने माझ्याकडे बघितलं आणि पोरीला हात लावायला आली. मी लावू दिला नाही. उन्हं उतरताना डॉक्टर फटफटीवरून आले. मी त्यांना इंग्रजी शब्दांत काय ते सांगितलं, किती ते सांगितलं. त्यांनी सुई दिली. दिवेलागणीला इंदू रडली, बारीक, मांजरासारखी. डॉक्टर हात धुताना मला म्हणाले, "बाई, तुम्ही फार गुंतता." मला मेट्रनची आठवण झाली. मी त्यांच्या हातावर पाणी ओतत राहिले. बोलले असते तर रडले असते, आणि ते मला त्या बायांसमोर करायचं नव्हतं.

उष्टावण झालं. मी मुद्दाम दुसऱ्या दिवशी गेले. भागूबाईने मला ओसरीवर बसवलं, चहा केला, पुढे खण-नारळ ठेवला आणि म्हणाली, "जाऊ द्या की बाई आता. पोर जगली न्हवं का." मी खण तिथेच ठेवला आणि निघून आले. परतताना अंगणातल्या पाळण्यावर फडकं टाकलेलं दिसलं. मी येताना दिसले तेव्हा कोणीतरी टाकलं होतं.

ते फडकं मग गावभर झालं. निगडीत मी दिसले की पाळणे झाकले जात. पुढे आकुर्डीतही. दुसऱ्या सुईणीला बोलावणी जाऊ लागली. तिच्या हातची एक बाळंतीण तापाने गेली, तरी बोलावणी जात राहिली. केंद्र वाढवून त्याची मुख्य कोणाला करायचं असा प्रश्न निघाला तेव्हा वरच्या साहेबांनी मला बोलावून सांगितलं, काम चांगलं आहे, पण लोकांचा विश्वास नाही. माझ्या हाताखाली शिकलेल्या मुलीला नेमलं. मी साहेबांना काय बोलले ते छापण्यासारखं नाही.

मी भागूबाईच्या घरी जायचं सोडायला हवं होतं. सोडलं नाही. गोवराची साथ आली तेव्हा गेले. जंताचं औषध द्यायला गेले. प्रत्येक वेळी ओसरीवर बसून आधी भागूबाईशी भांडायचे, शब्द आठवण करून द्यायचे, ती हात जोडून आत जायची, आणि मग मी पोरीला बघून यायचे. चंद्रा कधी काही बोलायची नाही. तिच्या त्या गप्प राहण्याचाही मला संशय यायचा, की ही मला मनातून शाप देते आहे.

इंदू शाळेत जायच्या वयाची झाली तेव्हा चंद्रा पुन्हा बाळंत व्हायची होती. सकाळी सकाळी बैलगाडी दारात आली. दुसऱ्या सुईणीने हात टेकले होते. मी गेले. ओसरीवर त्याच बाया. एकीने मला अडवून सांगितलं, बाळ झालं की फडक्यात गुंडाळून आमच्याकडे द्या, तुमी बघू नका. मी म्हटलं, बाळ माझ्याच हातात येणार आहे, तेव्हा मी डोळे मिटून घेऊ का? आणि दार लावून घेतलं. आत मी, चंद्रा, आणि कोपऱ्यात भागूबाई. तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता. तिला उजेड आणि अंधार एवढंच कळायचं.

बाळ आडवं होतं. दुपारपर्यंत मी वाकून होते. शेवटी वळलं. मुलगी झाली, गळ्याभोवती नाळेचा वेढा घेऊन, पण रडली लगेच, खणखणीत. बाहेरून बायांनी हाका मारल्या, फडक्यात द्या म्हणून.

भागूबाई भिंत चाचपत जवळ आली. "बाई," ती म्हणाली, "पोर कशी हाय? मला दिसत न्हाई. तुमी बगा आन सांगा."

मला तो सापळा वाटला. मी टॉवेलने बाळ पुसत राहिले.

"बोला की," ती म्हणाली. "तुमची नजर बाधत न्हाई. गोळी व्हती ती. म्या घातली व्हती."

मी खाटेकडे बघितलं. आता चंद्रा उठून बसेल, ओरडेल, असं मला वाटलं. तिने डोळेसुद्धा उघडले नाहीत.

"ठावं हाय मला, आत्याबाई," ती म्हणाली. "गोळ्यांची डबी फडताळामागं घावली व्हती. त्याच आठवड्यात चुलीत घातली."

भागूबाई खाली बसली. "तू व्हय? मला वाटलं उंदरानं नेली."

मी हातातला टॉवेल आपटला. दोघींना ठाऊक होतं, आणि इतकी वर्षं गावभर पाळण्यांवर फडकी माझ्या नावाची? मी चंद्राला विचारलं, तू एकदा तरी का बोलली नाहीस?

"घरात दोघीच आमी, बाई." तिचा आवाज दमलेला होता. "मी त्यांना बोलले असते तर पोर कुनापाशी ठिवून कामावर गेले असते? तुमच्यावर घातलं की दोघींचं भागत व्हतं." मग थोडं थांबून म्हणाली, "तुमी रागवायच्या. पर यायच्या."

मी म्हटलं, बाहेर बाया बसल्यात, दार उघडते, हेच आता त्यांच्यासमोर सांगा. कोणी हललं नाही. मी स्वतःच दार उघडायला ताडकन उठले, आणि कमरेत अशी उसण भरली की तिथल्या तिथे वाकडी झाले. ना उभी राहता येईना ना बसता. एवढा राग आणि असं लंगडं होऊन उभं राहणं; चंद्राला त्या अवस्थेतही हसू आलं. भागूबाईने न बघताच ओळखलं. तिने परसाकडच्या दाराने हाक मारली, "इंदे, ये हिकडं. बाईंच्या पाठीला पाय लाव."

मी शिकलेली बाई. पायाळू म्हणजे फक्त बाळाची एक स्थिती, हे मी शिकवायचे. पोर आली, आखडलेल्या माझ्याकडे बघून जरा भ्याली. मी पालथी पडले. तिने एक धुळीने भरलेला पाय माझ्या कमरेवर ठेवला आणि नीट, तीनदा, दाबला. हाच पाय माझ्या हातात आधी आला होता. उसण उतरली की नाही ते मी सांगणार नाही.

उठून बसले तर धाकटी माझ्या शेजारी उघडीच होती, कोणी झाकली नव्हती. भागूबाई तशीच तोंड वर करून बसली होती, माझ्या आवाजाच्या दिशेला.

"सांगा की," ती म्हणाली. "कशी हाय?"

मी पोरीकडे बघितलं. पुरतं, वेळ घेऊन बघितलं.

"काळी आहे," मी म्हटलं. "नाक बसकं. कान तर सुपासारखे."

भागूबाईने सुस्कारा सोडला आणि चाचपत पोरीचं कपाळ शोधलं.

"म्हंजी देखणी हाय," ती म्हणाली.